लवचिक चिलखत भारी की प्लेटवालं जाकीट? मावसभावाशी पैज लागलीये, निकाल द्या

कृष्णाकाठ
लोकहो एक वाद मिटवा, मिसळीची पैज लागलीये. परवा मावसभाऊ पुण्याहून आलेला, जेवणं झाल्यावर गच्चीवर बसलो होतो आणि विषय कुठून कुठे जात जात बुलेटप्रूफ जाकिटावर आला. तो म्हणतो जगातलं सगळ्यात भारी जाकीट म्हणजे ड्रॅगन स्किन, माशाच्या खवल्यांसारख्या चकत्या एकमेकींवर चढवलेल्या, अंग वाकलं की जाकीट पण वाकतं, आणि टीव्हीवर त्याच्यावर ग्रेनेड फोडलेला त्याने लहानपणी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय. आणि म्हणे अमेरिकन आर्मीने ते मुद्दाम दाबलं कारण प्लेटवाल्या कंपन्यांशी आधीच साटंलोटं होतं. मी म्हटलं एवढं भारी असतं तर आज जगभरातले सैनिक छातीवर ती पाटी बांधून का फिरतात, तर म्हणे राजकारण.

खरं सांगायचं तर मला यातलं शष्प कळत नाही, मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे तरी. पण त्याचं म्हणणं वरवर पटतं की. माणूस पळतो, वाकतो, पालथा पडून रांगतो, मग अंगाबरोबर वाकणारं सोडून कडक पाटी कशाला? दुसरं म्हणजे दोन खवल्यांच्या मधून गोळी आत घुसत नाही का? कुणी वापरलंय का असलं काही, किंवा कुणाला आतलं माहितीये का?

पाषाणचा_दगड
मटेरियल्सवाला आहे, जाकिटं बनवत नाही पण सिरॅमिक आणि कंपोझिटमध्येच आयुष्य चाललंय, त्यामुळे थोडं पिळणार, सहन करा.

आधी एक घोळ काढू. वाकणारं चिलखत ऑलरेडी आहे आणि जगभरचे पोलीस रोज घालतात. केव्हलर, १९६५ मध्ये ड्युपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेकबाईंनी शोधलेला धागा, त्याचे थरावर थर. किंवा आता पॉलिएथिलीनचे, डायनिमा वगैरे. ते काम करतं क्रिकेटच्या नेटसारखं, गोळी येते, धागे ताणले जातात, ती चपटी होते आणि अडकते. पण हे पिस्तुलापुरतं. एनआयजे म्हणजे जाकिटांचे नियम ठरवणारी अमेरिकेची सरकारी संस्था, तिच्या जुन्या चाचणीत ९ एमएमची ८ ग्रॅमची गोळी ४३६ मीटर पर सेकंदने मारायचे, आणि रायफलची ७.६२ ची ९.६ ग्रॅमची गोळी ८४७ ने. गोळीची ऊर्जा काढायला अर्धा एमव्ही स्क्वेअर कर, एकीकडे साधारण ७६० जूल येतात आणि दुसरीकडे ३४०० च्या वर. साडेचार पट! शिवाय रायफलची गोळी टोकदार, ती धागे ताणत बसत नाही, त्यांना बाजूला सारून निघून जाते. आणि आत स्टीलचा गाभा असेल तर विचारूच नको.

म्हणून रायफलसाठी कडक काहीतरी लागतं जे गोळीला पकडणार नाही तर *फोडणार*. सिलिकॉन कार्बाइड, बोरॉन कार्बाइड, स्वस्तात अॅल्युमिना. ही सिरॅमिक गोळीच्या गाभ्यापेक्षा कठीण असतात, गोळीचं नाक त्यावर भुगा होतं, सिरॅमिकमध्ये सुळक्यासारखा तडा पसरतो म्हणजे समोर रुपयाएवढी जागा आणि मागे वाटीएवढी, आणि तो सगळा भार मागच्या पॉलिएथिलीनच्या जाड थरावर येतो, तो थर तुकडे झेलतो. वाकणं हा प्रकार यात कुठे बसतच नाही, सिरॅमिक वाकत नाही, तुटतं. मग चकत्या करायच्या आणि चकत्यांची जोडणी वाकवायची, ही ड्रॅगन स्किनची आयडिया. आयडिया मूर्खपणाची नाहीये हां, मी आधीच सांगतो.

तुझा दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे पण नेमकी गोम अजून थोडी पुढे आहे. घरी फरशी बसवताना बघितलंय का कधी? फरशीच्या मधोमध हातोडी मार, खाली माल नीट भरला असेल तर ती सहन करते. तीच हातोडी कडेला मार, टवका उडतो. सिरॅमिकचं तसंच, कडेपाशी तो सुळका पसरायला जागाच मिळत नाही. मोठ्या प्लेटला कडा फक्त चार बाजूंना, आणि त्या शरीराच्या कमी नाजूक भागावर येतात. पाच सेंटीमीटरच्या चकत्यांचं जाकीट म्हणजे कडाच कडा. म्हणून तर त्या एकमेकींवर चढवाव्या लागतात, आणि चढवल्या की बऱ्याच जागी दुप्पट जाडी, दुप्पट वजन. शिवाय समोरून आलेली गोळी एक वेळ ठीक, पण तिरपी आली तर ती खवल्यांच्या उताराने आत शिरायला बघणार.

माणदेशी_फौजी
मी घातलंय ते सांगतो, कुठे आणि कधी ते विचारू नका.

वरच्या इंजिनियर साहेबांचं बरोबर असेल. आमाला जूल फिल माहीत नव्हतं, आमाला खांदे माहीत होते. जाकीट पहिल्या अर्ध्या तासात जड लागत नाही, तीन तासांनी लागतं, आणि आठ तासांनी तुम्ही जाकिटाशिवाय दुसरा विचारच करत नाही. उन्हाळ्यात आत घामाची आंघोळ, पाठीच्या प्लेटखालची बनियन पिळली तर तांब्याभर पाणी निघंल. गाडीत बसलं की पुढची प्लेट खालून मांडीला आणि वरून गळ्याला लागते. त्यामुळे पोरं काय करतात, पट्टे ढिले सोडतात, आणि प्लेट खाली पोटावर येते. हे सगळ्यात वाईट. प्लेटची वरची कड गळ्याखाली जो खड्डा असतो ना, हाडाच्या मधला, तिथंपर्यंत पायजे. प्लेट हृदय आणि फुफ्फुसांसाठी आहे, ढेरीसाठी नाही. पोटात लागली तर दवाखान्यापर्यंत पोचायला थोडा टाइम मिळतो, छातीत लागली तर मिळत नाही, म्हणून ती तिथं.

आता वाकण्याबद्दल. बाळा, माणसाची छाती वाकत नाही. बरगड्यांचा पिंजरा आहे तो. वाकतं ते कंबर, खांदे, मान. प्लेट नीट बसली असंल तर तू पळू शकतो, रांगू शकतो, भिंतीवरून उडी मारू शकतो, मी मारल्यात. अडतं ते पट्ट्यांनी, पाउचनी, आणि वजनानं. प्लेट कडक आहे याचा त्रास मला तरी कधी वाटला नाही.

पैजेचा सोपा उपाय सांगतो, भावाला उभा कर आणि तेवढं वजन उचलायला लावून टेस्ट घे. पण आधी त्या ड्रॅगनचं वजन किती ते कुणीतरी सांगा.

इतवारीचा_बाप्पा
पण बे त्या कंपनीची बाजू कोणी सांगूनच नाही राहिलं इथं. २००७ मध्ये एनबीसी या अमेरिकन टीव्हीवाल्यांनी स्वतःहून जर्मनीत टेस्ट करून दाखवली होती, एक रिटायर्ड जनरल पण सोबत होते, आणि त्यात ड्रॅगन स्किन आर्मीच्या प्लेटपेक्षा चांगली निघाली. हे टीव्हीवर आलं तेव्हा आर्मीने आपल्या टेस्टचे आकडे बाहेर काढले, तोवर वर्षभर दाबूनच ठेवले होते ना? मग मावसभाऊ अगदीच येडा नाही बोलून राहिला.

पाषाणचा_दगड
@इतवारीचा_बाप्पा रास्त मुद्दा आहे, आणि हे सांगायलाच हवं होतं मी. क्रम असा आहे बघ.

कंपनी पिनॅकल आर्मर, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोची. इराक युद्ध चालू, सैनिकांचे आईबाप स्वतःच्या पैशाने पोरांना जाकिटं पाठवत होते, तेव्हा मार्च २००६ मध्ये आर्मीने फर्मान काढलं की आम्ही दिलेलं सोडून बाहेरचं कुठलंही चिलखत घालायचं नाही. मे २००६ मध्ये मेरीलँडच्या एच. पी. व्हाइट या खाजगी लॅबमध्ये चाचणी झाली. ४८ गोळ्यांपैकी १३ आरपार, आणि त्या पण पहिल्या किंवा दुसऱ्याच फटक्यात. निकाल बाहेर आले ते थेट मे २००७ मध्ये, एनबीसीची बातमी आल्यावर चार दिवसांनी पत्रकार परिषद घेऊन. त्यामुळे "दाबलं" असं लोकांना वाटलं तर त्यात लोकांची चूक नाही. जूनमध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सुनावणी पण झाली, कंपनीचा मालक म्हणाला चाचणीत घोळ केला, आर्मी म्हणाली बिलकुल नाही.

पण मला स्वतःला पटलं ते आरपार गोळ्यांमुळे नाही, उष्णतेच्या भागामुळे. आर्मीने जाकिटं १६० फॅरनहाइटपर्यंत तापवली, म्हणजे आपले ७१ अंश. उन्हात उभ्या लोखंडी गाडीत एवढं होतं, काही अतिशयोक्ती नाही. गोठवली पण, तेल-डिझेलमध्ये पण बुडवली. आणि चकत्यांना धरून ठेवणारा गोंद सुटला. एक्सरेमध्ये दिसतं की चकत्या घसरून जाकिटाच्या तळाला गोळा झाल्यात, म्हणजे छाती मोकळी आणि बेंबीपाशी चिल्लरची थैली! जर्मनीतली टेस्ट चांगल्या थंड हॉलमध्ये ताज्या जाकिटावर केली तर कितीही चांगली येऊ दे, प्रश्न तो नव्हताच, प्रश्न होता दोन उन्हाळे खाल्लेलं जाकीट कसं वागेल.

आणि हे फक्त आर्मीच म्हणाली असंही नाही. एनआयजेने, जे वेगळ्या खात्याखाली येतं, डिसेंबर २००६ मध्ये त्या जाकिटाला लेव्हल ३ चं, म्हणजे रायफलच्या गोळीसाठीचं, सर्टिफिकेट दिलं होतं आणि ऑगस्ट २००७ मध्ये काढून घेतलं. कारण तेच, सहा वर्षांच्या वॉरंटीभर ते टिकेल याचा पुरावा पुरेसा नाही. कंपनी २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली.

@माणदेशी_फौजी काका, वजन. एक्स्ट्रा लार्ज साइजला ड्रॅगन स्किन ४७.५ पौंड, म्हणजे साडेएकवीस किलो. आर्मीचं तेव्हाचं जाकीट प्लेटसकट २८ पौंड, पावणेतेरा किलो. हे आकडे आर्मीचेच आहेत हे मान्य, आणि ड्रॅगन जास्त अंग झाकत होतं हे पण मान्य. पण जवळजवळ नऊ किलोचा फरक.

त्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी. एकाच जागी लागोपाठ गोळ्या आल्या तर अखंड प्लेटला आधीचा तडा गेलेला असतो, त्या तड्यापाशी ती कमजोर. चकत्यांमध्ये एक फुटली तरी शेजारची शाबूत. कागदावर हा फायदा मोठा होता, टीव्हीवर तर फारच देखणा दिसायचा.

माणदेशी_फौजी
साडेएकवीस किलो. वर रायफल, मॅगझिनी, पाणी, वायरलेस. जय हिंद.

खाकीतली_ताई
मी दलात आहे, कुठल्या ते राहू दे. काकांचं "छाती वाकत नाही" वाचून हसू आलं, काका तुमची वाकत नाही हो :)

बायकांसाठी हा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. सपाट किंवा एकाच बाजूने वाकवलेली प्लेट आम्हाला छातीवर टेकतच नाही, वर गळ्यापाशी फट राहते आणि खाली ती पोटापासून सुटते. रायफलचा दस्ता खांद्यात नीट बसत नाही. दोन-तीन दिशांनी गोलाई दिलेल्या प्लेट बऱ्या पडतात, आणि मुळात साइज लहान मिळाली तरी अर्धं काम होतं. मला पुरुषांच्या मापाचं जाकीट मिळालेलं तेव्हा बंदोबस्तात बसल्या जागी ते वर सरकून हनुवटीला लागायचं. उलट युनिफॉर्मच्या आत घालायचं मऊ जाकीट, ते चोळीसारखं टक्स घालून शिवलेलं मिळालं तर दिवसभर जाणवत पण नाही. त्यामुळे "लवचिक पाहिजे" ही मागणी येडेपणाची नाहीये ओंकार की काय तुझं नाव असेल ते, फक्त ती कुठल्या गोळीसाठी मागतोय ते बघ.

अजून एक. २६/११ नंतर आपल्याकडे प्रत्येक जण जाकिटाचा एक्स्पर्ट झाला. ओंबळे साहेबांच्या हातात काठी होती, अंगावर जाकीट नव्हतं, हे मात्र लोक विसरतात. आणि आपल्या देशाचं स्वतःचं जाकिटाचं स्टँडर्ड, आयएस १७०५१, आलं २०१८ मध्ये. दहा वर्षं.

गडवेडा
विषय बाहेरचा वाटेल पण राहवत नाही. हा वाद आपल्याकडे तीन-चारशे वर्षांपूर्वी सुटलेला आहे. चिलखत किंवा बखतर म्हणजे कड्यांचं विणकाम, कापडासारखं वाकणारं. महाराजांनी प्रतापगडाखाली १६५९ मध्ये अंगरख्याच्या आत तेच घातलं होतं, खानाला दिसू नये म्हणून, कडक पोलाद आत लपलंच नसतं. तलवारीच्या वाराला ते पुरतं, पण भाला-बाण जोरात घुसला तर कडी उसवते. म्हणून युद्धात त्यावरून बांधायचे चारआईना, म्हणजे चार पोलादी पत्रे, छातीला एक, पाठीला एक, दोन्ही बगलांखाली एकेक. संग्रहालयात बघा, पट्टे-बकलांसकट. आजचं प्लेटवालं जाकीटच आहे तो, बगलेच्या साइड प्लेटसकट!

खवल्यांचं पण आहे. आपल्या कोकणात खवले मांजर असतं ना, त्याच्या खवल्यांचा सोनेरी नक्षीचा अंगरखा हिंदुस्थानातून तिसऱ्या जॉर्ज राजाला भेट गेलेला, इंग्लंडमध्ये लीड्सच्या संग्रहालयात आहे. दिसायला जबरदस्त. भेट म्हणूनच गेला, अंगात घालून लढायला नाही.

पाषाणचा_दगड
@गडवेडा चारआईना एकदम चपखल. आत मऊ, वर कडक, आणि कडक फक्त जिथे लागलं तर माणूस मेल्याशिवाय राहणार नाही तिथे. आजची जाकिटं पण तशीच असतात, प्लेट एकटी नसते, बहुतेक वेळा मागे केव्हलरचा किंवा पॉलिएथिलीनचा मऊ पॅनल असतो आणि दोघं मिळून गोळी अडवतात. मिळून अडवणारी प्लेट थोडी हलकी करता येते. डीआरडीओच्या कानपूरच्या लॅबने, डीएमएसआरडीईने, २०२४ मध्ये जे हलकं जाकीट दाखवलं त्याचे आकडे बघ, मऊ जाकिटासोबत घातली तर प्लेटचं वजन दर चौरस मीटरला ४० किलोच्या आत, एकटी घातली तर ४३ च्या आत. साधारण २५ बाय ३० सेंटीमीटरची प्लेट धरली तर एकीला तीन किलो झाले. आणि कृष्णाकाठ, तुझ्या पैजेसाठी महत्त्वाचं, ती पुढची प्लेट *अखंड* सिरॅमिकची आहे, चकत्यांची नाही, आणि तिने ७.६२ बाय ५४ च्या चिलखतभेदी सहा गोळ्या अडवल्या, डीआरडीओच्याच चंडीगडच्या टीबीआरएल लॅबमध्ये. म्हणजे लागोपाठ गोळ्यांचा जो फायदा चकत्यांचा म्हणून सांगत होते तो पण बराच गेला. त्यानंतर डीआरडीओ आणि आयआयटी दिल्लीचं अभेद आलं, ८.२ आणि ९.५ किलोचं. आपल्या ट्रॉम्बेच्या बीएआरसीचं तंत्रज्ञान वापरून हैदराबादची मिधानी ही सरकारी कंपनी भाभा कवच नावाचं जाकीट बनवते, त्यात बोरॉन कार्बाइड आहे, हिऱ्याच्या पंगतीतलं कठीण आणि वजनाला हलकं.

इतवारीचा_बाप्पा
आणि ते लिक्विड आर्मर? कॉर्नफ्लोअरवालं? पाण्यात कालवून बुक्का मारला की दगड होते ते. त्याचं काय झालं?

पाषाणचा_दगड
डेलावेअर विद्यापीठ आणि अमेरिकन आर्मीची लॅब, दोन हजार सालानंतर बरंच काम झालं. कॉर्नफ्लोअर नाही, सिलिकाचे बारीक कण पॉलिएथिलीन ग्लायकॉलमध्ये, आणि त्यात भिजवलेलं केव्हलर. टोच्या, सुया, चाकू यांच्यासाठी खरंच चांगलं, धागे सरकायचे थांबतात. रायफलच्या गोळीला नाकातून फोडणारं ते नाही, प्लेट काही सुटत नाही त्याने.

मऊवाल्यांनी पण फार खूश होऊ नये. झायलॉन नावाचा धागा केव्हलरपेक्षा भारी म्हणून आला, हलका, पातळ, पोलीस खूश. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाच्या जाकिटातून गोळी आरपार गेली, मग तपासलं तर उष्णतेने आणि दमटपणाने धागाच कुजत होता. २००५ मध्ये एनआयजेने झायलॉनच्या जाकिटांची मान्यता काढली. मुंबईच्या पावसाळ्यात काय झालं असतं विचार करा. म्हणून आत्ताचे मऊ पॅनल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत सीलबंद असतात, आणि ती पिशवी फाटली की पॅनल बदलायचा, सुईदोरा घ्यायचा नाही.

माणदेशी_फौजी
प्लेटचं पण तसंच. एक पोरगं प्लेटवर बसायचं, उशी करून झोपायचं, गाडीतनं खाली फेकायचं. सिरॅमिकला आतून बारीक चीर गेली तर वरून कापड गुंडाळलंय, दिसणार कसं? हालवून खुळखुळ वाजतंय का बघायचं, शंका आली तर जमा करायची. फरशी पोकळ वाजते तसं वाजतं म्हणा की इंजिनियर साहेब.

आणि अडली म्हणजे झालं असं नाही. गोळी अडली तरी मागनं फटका बसतो, बरगडी मोडते.

पाषाणचा_दगड
हो काका, टेस्टमध्ये जाकिटामागे मऊ माती ठेवतात आणि खड्डा ४४ मिलिमीटरपेक्षा खोल गेला तर गोळी अडली असली तरी नापास. वाकणाऱ्या चिलखताचा हा पण एक त्रास, जे बाहेर वाकतं ते आत पण वाकतं.

कृष्णाकाठ
अरे बापरे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. (ताई, नाव ओंकार नाहीये पण चालतंय.)

भावाला सगळं वाचून दाखवलं. जर्मनीवाला भाग आला की उड्या मारायला लागला, एक्सरेवाला भाग आला की फोन बघायला लागला. मग काकांनी सांगितलेली टेस्ट घेतली. आमच्याकडे ज्वारी असते, दोन सॅक भरल्या काट्यावर वजन करून, एक पावणेतेरा किलोची आणि एक साडेएकवीसची, एक पुढे छातीला एक मागे असं नाही हां, एकेक करून पाठीवर. तळापासून गच्चीपर्यंत तीन मजले, चार फेऱ्या. पावणेतेराच्या चारही फेऱ्या केल्या त्याने, शिट्टी वाजवत. साडेएकवीसच्या दुसऱ्या फेरीला मधल्या जिन्यात बसला आणि म्हणाला जाकिटाचं वजन सगळीकडे सारखं वाटलेलं असतं, सॅकसारखं एका जागी नसतं, त्यामुळे टेस्टमध्ये घोळ आहे.

पिनॅकलच्या मालकासारखंच झालं की हे.

माणदेशी_फौजी
मग ज्वारी दोन्हीकडं वाटून परत चढव. मिसळ रविवारी.

इतवारीचा_बाप्पा
आमच्याकडून तर्री जास्त टाकायला सांगा बे.